दोर बांधायचा नाही

मार्लोच्या बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला तुमचा पडाव कालपासून खुंट्याला लागून आहे. साल १५८५. इंग्लंडवर पहिल्या एलिझाबेथचं राज्य आहे, उन्हाळ्याने थेम्स नदी खाली गेली आहे, आणि पडावात पोती आहेत मोड आणून वाळवलेल्या जवांची, लंडनच्या बिअरसाठी. ती तिथे कधी पोचतील हे नावाड्याच्या हातात नाही. बंधारा गिरणीवाल्याचा आहे. बंधाऱ्यामागे तुंबलेलं पाणी त्याच्या चक्क्या फिरवतं. ते सोडलं तर दळण थांबतं. म्हणून तो सहसा सोडत नाही, आणि सोडतो तेव्हा आधी पैसे मोजून घेतो.

तुम्हाला पाण्याची भीती वाटते. ती तुम्ही आपल्या शतकातून सोबत घेऊन आलात. अंगावर खरखरीत लोकरीचा सदरा चढला, कानावर पडणारी भाषा बदलली, तरी पोटातला गोळा तोच आहे. होडीत पाय ठेवला की ज्यांच्या गुडघ्यांतलं बळ जातं, त्यांच्यातले तुम्ही. पण आज शेजारी बघा. जन्म या नदीवर काढलेला नावाडीही गप्प झाला आहे. सकाळपासून त्याने तीनदा दोर तपासलाय.

दुपारी बंधाऱ्यावरच्या अरुंद फळीवर दोन माणसं चढतात. आता नीट बघून घ्या, कारण ही रचना पुढे साडेतीनशे वर्षं फारशी बदलणार नाही. नदीच्या तळाशी एक जाड तुळई रोवलेली आहे, पाण्याच्या वर दुसरी. त्या दोन्हींच्या आधाराने दांडे उभे केलेत आणि दांड्यांना वरच्या प्रवाहाकडून फळ्या टेकवल्यात, प्रत्येक फळीला वर लांब मूठ. त्यांना खिळा नाही की दोर नाही. नदीच त्यांना दाबून जागेवर धरते. माणसं एकेक फळी उपसू लागतात. पहिल्या दोन-तीन फळ्या निघेपर्यंत नुसती सळसळ ऐकू येते. मग दांडे निघतात, वरची तुळई बाजूला होते, आणि बंधाऱ्याला पडाव जाईल एवढं खिंडार पडतं.

आवाज आधी पायांना कळतो. पडावाच्या फळ्या थरथरू लागतात. वरचं पाणी आणि खालचं पाणी यांच्यात माणसाच्या कमरेएवढा फरक आहे, आणि तो सगळा फरक त्या एका खिंडारातून पांढरा होऊन खाली कोसळतो आहे. नावाडी हात वर करून सगळ्यांना थांबवतो. पहिल्या लोंढ्यात घुसलं तर नाळ थेट पाण्याखाली जाईल. फार थांबलं तर वरचं पाणी ओसरून पडाव गाळात बसेल, आणि मग पुढच्या वेळी गिरणीवाल्याची मर्जी होईपर्यंत तिथेच राहावं लागेल. या दोन्हींच्या मधला क्षण त्याला ओळखायचा आहे. त्यासाठी त्याच्याकडे मोजमाप नाही, फक्त कान आहेत.

तो दोर सोडतो.

सुकाणूला आता काही अर्थ उरलेला नाही. काठावरची झाडं मागे पळतात, खिंडाराच्या दोन्ही कडा हात लांब केला तर लागतील इतक्या जवळ येतात, नाळ खाली झुकते आणि पाणी तुमच्या मांड्यांवर आदळतं. तुम्ही डोळे मिटलेत. उघडता तेव्हा पडाव खालच्या डोहात गरगरतोय आणि दोघं जण लांब काठ्यांनी त्याला काठापासून दूर ढकलताहेत. संपलं. चार श्वासांत संपलं.

याला फ्लॅश लॉक म्हणत, आणि खाली जाण्याचा हा प्रकार त्यातला सोपा होता. परतताना याच खिंडारातून, याच लोंढ्याच्या विरुद्ध, पडाव वर ओढायचा असतो. काठावर जमिनीत रोवलेला उभा रहाट असतो, त्याचे दांडे छातीशी धरून माणसं गोल फिरतात, आणि जाड दोराला बांधलेला पडाव इंचाइंचाने चढतो. दोर तुटला तर मागे कोण उभं आहे, हे बघायला वेळ नसतो. तुम्ही काठावरून चालत वर जाता. कोणीही हसत नाही. ज्यांना शक्य असतं ते सगळेच चालत जातात.

पन्नास वर्षं पुढे या, आणि नदीने बरंच वर, ऑक्सफर्डला.

१६३५. ऑक्सफर्डला लंडनहून कोळसा हवा आहे, लंडनला ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टनचा बांधकामाचा दगड हवा आहे, आणि मधली नदी उथळ आणि बंधाऱ्यांनी अडलेली. १६२४मध्ये पार्लमेंटने कायदा करून ऑक्सफर्ड ते बरकट या पट्ट्यासाठी विद्यापीठ आणि शहर यांच्या प्रतिनिधींचं एक मंडळ नेमलं. त्या मंडळाने इफ्ली, सँडफर्ड आणि अ‍ॅबिंग्डनजवळची स्विफ्ट डिच अशा तीन ठिकाणी नवं काहीतरी बांधलं आहे. थेम्सवर असं आधी कुठेही नव्हतं.

तुमचा पडाव सँडफर्डपाशी येतो. बंधारा बाजूला आहे, त्याचा आवाज येतो आहे, आणि त्या आवाजाने तळहातांना घाम सुटतो. पण पडाव तिकडे वळत नाही. एका अरुंद पाण्याच्या खोलीत, म्हणजे नव्या तऱ्हेच्या लॉकमध्ये, शिरतो. मागे लाकडी दारांची जोडी बंद होते. पुढे तशीच जोडी आधीच बंद आहे. दोन्ही बाजूंना भिंती. तुम्ही कोंडले गेलात.

इथे पोटातला गोळा वर येतो, आणि ते समजण्यासारखं आहे. मार्लोला निदान पळायला काठ दिसत होता. पण आता होतं ते एवढंच: पुढच्या दारांच्या खालच्या भागातल्या झडपा उघडतात, आणि खोलीतलं पाणी तिथून बाहेर जाऊ लागतं. पडाव खाली जाऊ लागतो. भिंतीवरची ओली, शेवाळलेली रेघ हळूहळू वर सरकते. कोणी ओरडत नाही. नाळ आणि मागचं टोक एकाच वेळी, एकाच मापाने उतरतात. आतलं पाणी बाहेरच्या पाण्याला टेकतं, त्या घडीला दारांवरचा दाब संपतो, आणि ज्या दारांना आत्तापर्यंत दहा माणसांनी हलवलं नसतं ती दोन माणसं पाठ लावून उघडतात.

ही दारं सरळ रेषेत मिटत नाहीत. मिटल्यावर त्यांचा बोथट कोन होतो आणि कोनाचं टोक वरच्या प्रवाहाकडे असतं. पाणी जितकं जोराने ढकलेल तितकी ती एकमेकांत घट्ट रुततात. मिलानच्या कालव्यांसाठी काम करताना लिओनार्दो दा विंचीने अशा दारांचं रेखाटन केलं होतं. मला या दारांबद्दल अतोनात आदर आहे. नदीचा जोर अडवायला त्यांनी नदीचाच जोर वापरला. हिशेब करून बघा: दार तीन मीटर रुंद, खालच्या बाजूला तीन मीटर पाणी, आणि वरचं पाणी फक्त वीस सेंटिमीटर जास्त असेल, तरी त्या एका दारावर जवळपास दोन टनांचा दाब असतो. वीतभर फरक शिल्लक असताना कोणाच्या चुकीने किंवा घाईने ते दार उघडूच शकत नाही. भित्र्या माणसाला याहून मोठं आश्वासन कोण देणार?

या खोलीचं मूळ बघायचं असेल तर सहाशे एकावन्न वर्षं मागे आणि पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला जावं लागेल. थोडा वेळच जाऊ. चीनमध्ये, हुआई नदीजवळच्या कालव्यावर, तुम्ही धान्याने भरलेल्या सरकारी नावेत आहात. पाण्याची पातळी बदलते तिथे मातीचा उतार केलेला आहे आणि नावा दोरांनी ओढून त्यावरून पलीकडे घसरवतात. नावेचा तळ कुरकुरतो, फळ्यांच्या भेगांतून धान्य गळतं, आणि आसपास दबा धरून बसलेले चोर अशाच फुटलेल्या नावेची वाट बघत असतात. इसवी सन ९८४मध्ये या भागातल्या वाहतुकीचा अधिकारी च्याओ वेइयुए याने यावर तोड काढली. सुमारे पन्नास पावलांच्या अंतरावर दोन दारं बसवली, मधल्या जागेवर छप्पर घातलं, आणि नाव ओढण्याऐवजी पाणीच चढवलं-उतरवलं. शतकभराने शेन ख्वो या विद्वानाने चेनचौच्या अशाच एका लॉकबद्दल लिहून ठेवलं की त्यामुळे दरवर्षी पाचशे मजुरांची मेहनत वाचली. छपराखाली, पाण्याच्या थंड वासात, तुमची नाव न फुटता वर येते. परत थेम्सवर चला.

१६७४. गोरिंग. इथे तुम्ही नावेत बसायचं नाही.

सँडफर्डला लॉक होऊन चाळीस वर्षं होत आली, म्हणून तुम्हाला वाटेल की आता नदी सुरक्षित झाली. झाली नाही. बरकटच्या खाली सगळे जुने बंधारे तसेच आहेत, कारण लॉक बांधायचा खर्च कोणी करायचा आणि पाणी कोणाचं, हा वाद मिटलेला नाही. गोरिंगची जत्रा आटोपली आहे. पलीकडच्या काठावर स्ट्रीटली गाव आहे आणि घरी परतायची घाई असलेली माणसं एका मोठ्या नावेत दाटीवाटीने चढताहेत. हातात जत्रेतून घेतलेल्या वस्तू आहेत, मुलं पेंगुळलेली आहेत. तुम्ही काठावर थांबा. नाव बंधाऱ्याच्या फार जवळून जाते. ओढ तिला धरते. सुमारे ६० माणसं बुडतात.

यापुढे मला काही वर्णन करायचं नाही. एवढंच सांगावंसं वाटतं की लॉकमध्ये शिरताना जी भीती वाटते तिचा पत्ता बहुतेक वेळा चुकलेला असतो. माणसं बंद दारांना घाबरतात, वर येणाऱ्या भिंतींना घाबरतात, फेसाळणाऱ्या झडपांना घाबरतात. माणसं बुडाली ती शेजारच्या बंधाऱ्यावर. लॉक ही त्या बंधाऱ्याला बगल देणारी वाट आहे. ज्यांनी ती शोधली ते शूर होते की नाही कोण जाणे; घाबरलेले नक्की होते.

ही वाट बाकीच्या नदीपर्यंत पोचायला आणखी शंभर वर्षं लागली. १७७०च्या दशकात थेम्सच्या आयुक्तांनी मेडनहेड आणि रेडिंगच्या दरम्यान आठ लॉक बांधली, त्यात मार्लोही होतं, जिथे तुम्ही डोळे मिटले होते. पहिलं झालं ते १७७२मध्ये, बोल्टर्स. आणि त्याच बोल्टर्सच्या दारात आता आपण उभे राहू, पण सव्वाशे वर्षांनी, कारण तिथे तुमची एका वेगळ्याच भीतीशी गाठ पडणार आहे.

१८९०चं दशक, जूनमधला रविवार. अ‍ॅस्कटच्या घोड्यांच्या शर्यती आठवड्यात होऊन गेल्या आहेत आणि लंडनचे हौशी लोक आगगाडीने मेडनहेडला उतरून नदीवर आले आहेत. माल वाहणारे पडाव रेल्वेने जवळजवळ संपवले. आता नदी सुट्टीची झाली आहे. बोल्टर्सच्या खालच्या दाराबाहेर होड्या इतक्या दाटल्या आहेत की मधलं पाणी दिसत नाही. वल्ह्यांच्या निमुळत्या होड्या, लांब काठीने ढकलायच्या सपाट तळाच्या पंट, आणि मधोमध पितळी नळकांडं चमकवत धूर सोडणारी वाफेची लाँच, जिच्यावर बाकी सगळ्यांचा राग आहे. बायकांच्या रंगीत छत्र्या, पुरुषांच्या गवती टोप्या. तुमच्या हातात पंटची काठी आहे आणि ती चिखलात रुततेय.

दार उघडतं. गर्दी आत सरकते आणि तुम्ही तिच्यासोबत ओढले जाता. तुमची नाळ कोणाच्या तरी होडीला घासते, दुसऱ्या कोणाचं वल्हं तुमच्या कोपराला लागतं. आणि मग तुम्ही वर बघता. लॉकच्या दोन्ही काठांवर माणसांची भिंत उभी आहे. ती खास हे बघायलाच आलेली आहेत: कोण धडकतं, कोणाचा तोल जातो, कोणाची काठी तिथेच रुतून राहते.

हे दृश्य एडवर्ड जॉन ग्रेगरी नावाच्या चित्रकाराने वर्षानुवर्षं खपून रंगवलं. ‘बोल्टर्स लॉक, रविवारची दुपार’ या अर्थाच्या नावाचं ते चित्र १८९७मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत लागलं आणि आज पोर्ट सनलाइटच्या लेडी लीव्हर कलादालनात आहे. जेरोम के. जेरोमच्या १८८९च्या ‘थ्री मेन इन अ बोट’मध्येही एक प्रसंग आहे: लॉकमध्ये सगळे फोटोसाठी नीटनेटकं उभं राहण्यात गुंतलेले असताना होडीचं नाक बाजूच्या लाकडाखाली अडकतं आणि पाणी चढत राहतं. वाचक तिथे हसतात. पण चढत्या पाण्यात नाक अडकलेली होडी उलटते, आणि त्या प्रसंगात धोका नेमका कुठून आला ते बघण्यासारखं आहे. त्यांचं लक्ष पाण्यावर नव्हतं, बघणाऱ्यांवर होतं.

ही दुसरी भीती, चार लोकांत फजिती होण्याची, पहिलीपेक्षा जास्त घातक आहे असं माझं ठाम मत आहे. पाण्याची भीती माणसाला सावकाश करते. लोकांची भीती त्याला घाई करायला लावते. काठावरून कोणी बघतंय म्हणून दोर धरायच्या आधी उडी मारली जाते. मागच्या होडीतले खोळंबले म्हणून झडप एकदम पूर्ण उघडली जाते. बोल्टर्सला तुम्ही एक करा. काठी आडवी ठेवा, खाली बसा, भिंतीवरची साखळी हाताने धरा, आणि बघणाऱ्यांना बघू द्या. पाणी चढेल. लॉक चालवणारा लॉककीपर वरचं दार उघडेल. गर्दी जाईल आणि तिच्या मागून तुम्हीही जाल.

आता आपल्या काळात या. या वेळी होडी इंजिनाची आहे, आठवड्यासाठी भाड्याने घेतलेली. मालकाने किल्ली देताना अर्धा तास शिकवलं त्यातलं निम्मं आठवत नाही. आपल्याकडच्या माणसाला हे जास्त अवघड जातं, कारण लॉक बघायची सवय नसते. कोकणातल्या खाड्या भरती-ओहोटीवर चालतात. देशावरच्या नद्या उन्हाळ्यात उरतच नाहीत. तरी मुंबईच्या बंदरात एक अवाढव्य लॉक आहे. १९१४मध्ये अलेक्झांड्रा डॉक म्हणून सुरू झालेल्या आजच्या इंदिरा डॉकचं प्रवेशद्वार म्हणजे २२८.६ मीटर लांब आणि ३०.५ मीटर रुंद लॉक. बाहेर समुद्र उतरला तरी आतल्या गोदीतली जहाजं तरंगत राहावीत म्हणून. आणि नाशिकच्या रामकुंडावर तुम्ही जिचं पाणी ओंजळीत घेतलंत त्या गोदावरीवर, पार खाली धवळेश्वरमला, आर्थर कॉटनने १८५२मध्ये पुरा केलेल्या बंधाऱ्यापासून कालवे निघाले, ते नावांसाठीही होते आणि त्यांवर लॉकही होती.

पुन्हा सँडफर्ड. आजचं लॉक पन्नास मीटरहून थोडं लांब आणि साडेसहा मीटर रुंद आहे, आणि इथे पाणी पावणेतीन मीटरच्या आसपास चढतं. म्हणजे एका वेळी नऊ लाख लिटरच्या घरात: दुष्काळी गावात येणारा दहा हजार लिटरचा टँकर धरला, तर नव्वद टँकर. ते सगळं तुमच्या होडीखाली काही मिनिटांत येणार आहे. खालून वर चाललात म्हणून भिंत उंच दिसते, काळी आणि ओली. लॉककीपर वरून वाकून बघतो. त्याने तुमच्यासारखे हजारो चेहरे बघितलेत. इंजिन बंद करायला सांगतो. थेम्सवरचा नियम आहे. एक दोर नाळेचा, एक मागचा, दोन्ही वरच्या खुंट्यांना घालायचे. इथे प्रत्येक नवख्याचा हात आपोआप गाठ मारायला जातो, कारण घाबरलेल्या माणसाला काहीतरी पक्कं बांधून टाकावंसं वाटतं.

बांधायचा नाही. खुंट्याभोवती एक वेढा, आणि मोकळं टोक हातात. पाणी चढेल तसा दोर सैल पडतो, तो ओढून घेत राहायचं. उतरताना उलट, सोडत राहायचं. उतरत्या पाण्यात गाठ मारली तर होडी दोरावर लटकते, एका अंगावर कलते, आणि ताणलेली गाठ हाताने सुटत नाही. म्हणून अनुभवी लोक चाकू जवळ ठेवतात. पण एक वेढा आणि जागा हात, एवढ्यावर चाकूची वेळ येत नाही.

झडपा उघडतात. पुढच्या दाराखालून पाणी उकळल्यासारखं वर येतं, होडी आधी मागे ढकलली जाते, मग पुढे खेचली जाते. दोर हाताला जाणवतो. हा धक्का तुम्ही ओळखता. मार्लोला पायांखाली जाणवला होता तोच, पण इथे तो हाताच्या दोन मुठींत मावतो. लॉककीपर झडपा एकदम उघडत नाही, थोड्या उघडतो, तुमच्याकडे बघतो, मग आणखी. त्याचं हे बघणं ही त्याच्या कामातली मुख्य गोष्ट आहे.

बाहेर पडल्यावर बाजूला बघा. थोड्या अंतरावर सँडफर्डचा बंधारा आहे, त्याच्या खालचा डोह, आणि तिथे एक दगडी स्तंभ. क्राइस्ट चर्च कॉलेजचे पाच विद्यार्थी या डोहात गेले: १८४३मध्ये दोघं, १८७२मध्ये एक, १९२१मध्ये दोघं. सगळे तरुण होते. थेम्सच्या प्रत्येक लॉकपाशी नदी दोन फाटे घेते आणि पाटी सांगते, लॉक इकडे, धोका तिकडे. तुम्ही पाटी दोनदा वाचता. चांगलं आहे. तशीच वाचत जा. पावसानंतर लॉकवर लाल पाटी लागलेली असेल, प्रवाह जोराचा असल्याचा इशारा देणारी, तर त्या दिवशी होडी काठालाच ठेवा. सुट्टीचा एक दिवस गेला म्हणून कोणाचं बिघडत नाही.

ऑक्सफर्ड आणि गॉडस्टो मागे पडलं की वीज संपते. इथून वरची लॉक हाताने चालतात. शेतं, गाई, विलोची झाडं, आणि जेवणाच्या सुट्टीत लॉककीपर नसतो. पाटीवर लिहिलेलं असतं, स्वतः चालवा. मग तुम्ही काठावर उडी न मारता उतरता, पांढरं चाक फिरवता, थोडं, थांबता, पुन्हा थोडं. दाराच्या लांब तुळईला पाठ लावता. हलत नाही. जोर लावून उपयोग नसतो हे आता माहीत आहे, तुम्ही थांबता. मग अशी एक घडी येते की दार पाठीखाली आपसूक सरकतं, इतकं हलकं की तुम्ही दचकता.

रशी लॉकपाशी मात्र चहासाठी थांबा आणि बंधारा बघायला जा. दांडे, आणि दांड्यांना टेकलेल्या लांब मुठीच्या फळ्या. १५८५ला पाहिलेली रचना इथे जपून ठेवली आहे. वरच्या थेम्सवर ईटन वीअर या बंधाऱ्यावर होड्या अशाच खिंडारातून १९३०च्या दशकापर्यंत जात होत्या. आजच्या कोणाच्या तरी आजोबांनी ते पाहिलं असेल. मुठीला हात लावायची परवानगी नसते. जवळून बघता येतं, आणि मधल्या फटींतून सुटणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकता येतो.

शेवटचं लॉक सेंट जॉन्स, लेचलेडच्या उंबरठ्यावर. काठावर हातात फावडं घेऊन पहुडलेल्या थेम्सबाबाचा पुतळा आहे. राफाएले माँटीने तो १८५४मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेससाठी घडवला, १९५८मध्ये तो नदीच्या उगमापाशी नेला, आणि १९७४पासून इथे आहे. पुढे थोड्याच अंतरावर मोठ्या होड्यांची वाट संपते. होडी वळवायची, आणि जेवढं चढून आलात तेवढं सगळं उतरायचं.

उतरण्याचं एक पथ्य आत्ताच सांगून ठेवावं लागेल. लॉकच्या वरच्या दाराच्या पायाशी, पाण्याखाली, एक दगडी किंवा काँक्रीटचा उंबरठा असतो. लॉक भरलेलं असताना तो दिसत नाही. पाणी उतरू लागलं की तुमच्या मागे तो उघडा पडतो, आणि होडीचा मागचा भाग त्यावर राहिला तर मागचा भाग अडकतो, नाळ खाली जाते आणि होडीत पाणी शिरतं. भिंतीवर त्याची रेघ रंगवलेली असते. आत शिरल्याबरोबर ती शोधा, होडी तिच्यापुढे न्या, आणि पाणी पुरतं उतरेपर्यंत एक माणूस फक्त त्या रेघेकडे बघत बसवा. हे काम तुमच्यातल्या सगळ्यात घाबरट माणसाला द्या. तो दुसरीकडे बघणार नाही.